लाकडाचा खांब किती भार घेतो?

आम्हा सिव्हिलवाल्यांना खांब म्हटलं की आरसीसी नाहीतर स्टील आठवतं. पण नॉर्वेमधल्या ब्रुमुंडाल इथे २०१९ साली पूर्ण झालेली म्योस्टॉर्नेट ही १८ मजली, ८५.४ मीटर उंच इमारत चक्क लाकडाच्या खांबांवर उभी आहे! हे लाकूड म्हणजे ग्लुलॅम. (मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा टेक्निकल शब्द इंग्रजीच येणार, सांभाळून घ्या.)

स्प्रूस, पाइन अशा सूचिपर्णी झाडांच्या वाळवलेल्या फळ्या, तंतूंची दिशा एकच ठेवून, एकमेकींवर चिकटवल्या की ग्लुलॅम तयार होतं. या झाडांच्या लाकडाला सॉफ्टवूड म्हणतात, पण नावावर जाऊ नका. बाल्सासारखं मऊ लाकूड शास्त्रानुसार हार्डवूडमध्ये मोडतं! अखंड लाकडात एखादी मोठी गाठ असली की तीच त्याची कमजोरी ठरते. ग्लुलॅममध्ये गाठी वेगवेगळ्या थरांत विखुरतात, म्हणून ताकद जास्त भरवशाची.

आता कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ. युरोपियन स्टँडर्डमधला जीएल२४एच हा ग्रेड घेऊ. तंतूंच्या दिशेने त्याची कॅरॅक्टरिस्टिक स्ट्रेंथ २४ न्यूटन प्रति चौ. मिमी आहे. आपल्या एम२५ काँक्रीटची क्यूब स्ट्रेंथ २५. म्हणजे जवळपास बरोबरी, आणि वजन मात्र काँक्रीटच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं!

पण तंतूंना आडवा दाब दिला तर? फक्त २.५. कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉची जुडी उभी दाबून बघा, मग आडवी. आडव्या नळ्या लगेच चपट्या होतात. लाकडाच्या पेशींचंही तसंच.

हिशोब करू. ३०० × ३०० मिमीचा आखूड खांब उभा २१६० किलोन्यूटन घेतो. तेवढ्याच क्षेत्रावर आडवं लाकूड घेतं फक्त २२५. म्हणजे खांब थेट आडव्या बीमवर ठेवला तर खांबाला काही होणार नाही, पण खालचा बीम चेपेल आणि वरचे मजले खचतील. म्हणून उंच इमारतीत वरच्या खांबाचा भार खालच्या खांबात सरळ उतरवतात, आणि बीम बाजूने जोडतात.

आणि हो, २४ हा आकडा तसाच डिझाइनमध्ये घालायचा नाही. लाकूड कायमच्या भाराखाली हळूहळू थकतं. २००४ च्या युरोकोड ५ नुसार, कोरड्या जागी कायमचा भार असेल तर ०.६ ने गुणायचं आणि १.२५ ने भागायचं. उरतात साधारण ११.५. खांब सडपातळ असेल तर बकलिंगची कपात आणखी वेगळी.

तेव्हा व्हायव्हात कोणी लाकडाची स्ट्रेंथ विचारली, तर आधी उलट विचारा, "सर, कुठल्या दिशेने?"