खेळाच्या टेबलावरची भीड

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. एक जण ‘डीएम’ (डंजन मास्टर) होऊन जग उभे करतो, बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र चालवतात आणि निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि हा प्रकार रूढ झाला. यात वाटून घ्यायची गोष्ट एकच असते, ती म्हणजे वेळ. पाच खेळाडू तीन तास बसले आणि निम्मा वेळ डीएमच्या वर्णनात गेला, तर प्रत्येकाला अठरा मिनिटे मिळतात. एकाने चाळीस घेतली, की उरलेल्या चौघांना जेमतेम बारा-बारा उरतात. त्रासदायक खेळाडू ओळखायची खरी कसोटी हीच आहे: तो दुसऱ्यांची मिनिटे खातो का?

स्वभाव वेगळा असणे म्हणजे त्रास देणे नव्हे. रॉबिन लॉज यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात खेळाडूंचे प्रकार सांगितले आहेत. कुणाला हाणामारी हवी असते, कुणाला डावपेच, कुणाला अभिनय, तर कुणी नुसता मित्रांसोबत बसायला येतो. गप्प बसणाऱ्याला बळेच बोलते करण्याची गरज नसते. नियमांचा कीस काढणाराही, डीएमचा निर्णय झाल्यावर थांबत असेल, तर गटाला उपयोगीच पडतो. त्रास सुरू होतो तो दुसऱ्याच्या टर्नमध्ये हुकूम सोडण्यापासून, बोलणे मध्येच तोडण्यापासून, सोबत्यांच्याच थैल्या चोरून ‘माझं पात्रच तसं आहे’ म्हणण्यापासून. पात्र कसे वागेल हे खेळाडूच ठरवतो, त्यामुळे ही सबब कधीही मान्य करू नये.

रायपूरच्या सदर बाजारात अशा खेळाडूला आवरण्याचा प्रश्न अधिक अवघड होतो. हा सराफ्याचा बाजार. खाली दुकान, वर घर, आणि बसायला मिळाली तर वरच्या मजल्यावरची एखादी खोली. तात्यापारा, बुढापारा या वस्त्या हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी गट जाहिरात देऊन जमत नाही. तो चुलतभाऊ, शेजारी, शाळासोबती आणि जुन्या गिऱ्हाइकांची मुले यांतून जमतो. टेबलावर हिंदी, मराठी आणि छत्तीसगढी एकाच वाक्यात येतात. मोठ्या शहरात एक गट सोडून दुसरा धरता येतो. इथे तोच माणूस उद्या लग्नात पंगतीला शेजारी बसणार असतो. म्हणून सगळे भिडेपोटी गप्प राहतात, आणि भीड भिकेची बहीण ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते.

बाजारातल्या अशाच एका गटाची गोष्ट बोलकी आहे. नव्याने आलेली एक मुलगी वेशीवरच्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून आत शिरायचा बेत सांगत होती. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत गटातल्या जुन्या खेळाडूने ‘मी बाण मारतो’ म्हणत फासा टाकलासुद्धा. डीएमने फासा मोजला. खरे तर चूक तिथेच झाली, कारण फासा मोजला म्हणजे मध्ये तोंड घालणे मान्य केले. पुढच्या बैठकांत डीएमने त्याच्या पात्रावर एकट्यावर राक्षस सोडले, त्याची तलवार मोडली. त्या खेळाडूला शिक्षा जाणवलीच नाही. उलट सगळी लढाई त्याच्याभोवती फिरू लागली आणि त्याला हवे होते तेच, म्हणजे टेबलाचा वेळ, आणखी मिळाला. बाकीच्यांनी तक्रार केली नाही. एकाला दुकानात बसायचे निघाले, दुसऱ्याकडे पाहुणे आले, धनत्रयोदशीच्या गर्दीत खेळ जो थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. मुलीने कारणही सांगितले नाही.

पात्राला शिक्षा देण्याची ही कल्पना जुनी आहे. खुद्द गायगॅक्स यांनी १९७९ सालच्या डीएमसाठीच्या ग्रंथात उपद्रवी खेळाडूच्या पात्रावर आकाशातून वीज पाडण्याचा पर्याय दिला होता. मात्र अखेरचा उपाय म्हणून त्याला बोलावणे बंद करावे, हेही त्यांनीच लिहिले. यातला पहिला सल्ला टाकाऊ आहे, दुसरा टिकाऊ. वागणे माणसाचे असेल तर बोलणेही माणसाशीच व्हायला हवे.

हे बोलणे लवकर व्हावे, एकांतात व्हावे आणि एकाच प्रसंगाबद्दल व्हावे. ‘तू नेहमी असंच करतोस’ म्हटले की भांडण ठरलेलेच. त्यापेक्षा, ‘दादा, काल ती बोलत असताना तुम्ही फासा टाकलात, तिचा टर्न गेला. पुढच्या वेळी मी नाव घेईपर्यंत थांबाल का?’ एवढे पुरे. वयाने मोठ्या माणसाशी ‘तुम्ही’नेच बोलावे, पण वय मोठे म्हणून विषय टाळू नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर हे कधीही लिहू नये. चारचौघांत मान गेला की माणूस सुधारत नाही, अडून बसतो. टेबलावर मात्र डीएमने ठाम राहावे: न विचारता टाकलेला फासा मोजायचा नाही, उचलून परत द्यायचा. बहुतेक खेळाडू एवढ्यावर सावरतात, कारण आपण किती बोलतो हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

खोली त्रासदायक खेळाडूच्याच घरची असेल तर यजमानाला बोलणे जड जाते. तेव्हा जागा आळीपाळीने बदलावी, म्हणजे कुणाच्याच चहाचे ओझे राहत नाही. नवा खेळ सुरू करण्याआधी एक बैठक फक्त ठरवाठरवीसाठी ठेवावी. कोणते विषय नकोत, चोरी चालेल का, फोन कुठे ठेवायचे, हे तिथेच बोलून घ्यावे. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यावर ठेवणे चांगले. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग गाळायचा, कारण विचारायचे नाही.

मुलींच्या पात्रांशी लगट करणे, जात किंवा बोली यांवरून टोमणे मारणे, हे या साऱ्यात बसत नाही. तिथे एकांतातल्या समजुतीची वाट पाहू नये. खेळ त्याच क्षणी थांबवावा आणि जिला त्रास झाला तिला काय हवे ते आधी विचारावे.

सांगूनही फरक पडला नाही तर त्या खेळाडूला गटाबाहेर ठेवावे. हे एकाच व्यक्तीने, समोरासमोर, थोडक्यात सांगावे: या खेळात आपले जमत नाही, बाकी येणे-जाणे आहे तसेच राहील. मग ते खरोखर तसेच ठेवावे. गणपतीला त्याच्या घरी जावे. त्याला न कळवता गुपचूप दुसरीकडे खेळू नये, सदर बाजारात ते दोन दिवसही लपत नाही. आणि ज्या दिवशी त्याला सांगितले, त्याच दिवशी उरलेल्यांनी पुढच्या बैठकीची तारीख ठरवावी आणि मधेच यायचे सोडलेल्यांना स्वतः जाऊन बोलावून आणावे.