बर्फावर पडल्यानंतरची सावधगिरी

बर्फावर पडलेला मनुष्य हसत उठला, म्हणजे त्याला काही झाले नाही, असा आपला समज असतो. तो घातक ठरू शकतो. १६ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मों-त्रांब्लां येथे इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन स्कीइंगचा धडा घेताना पडल्या. जखम दिसेना, आलेली रुग्णवाहिका परत गेली. काही वेळाने डोके दुखू लागले आणि १८ मार्चला त्यांचा अंत झाला.

अशा आघातात कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते आणि मेंदू दाबला जातो. वृद्धांत हे रक्त आवरणाखाली हळूहळू साचते. लक्षणे कित्येक दिवसांनी, कधी आठवड्यांनीही दिसतात.

म्हणून मुलांकडे थंड देशी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की डोके आपटल्यास पहिले २४ तास एकटे राहू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. वाढती डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा हातापायांत अशक्तपणा दिसताच रुग्णालय गाठावे. घरच्यांना त्रास नको म्हणून दुखणे लपवू नये.