परदेशात मोबाइल : सिम बंद करू नका, डेटा बंद करा



सोलापूरहून रेल्वेने गाणगापूरला दत्तदर्शनाला गेला असाल, तर पंधरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवत असेल. दुधनी मागे पडलं की खिशातला मोबाइल वाजायचा. कर्नाटकात स्वागत असल्याचा संदेश! त्यानंतर घरून फोन आला की उचलावा की नाही, हा प्रश्न. कारण उचलला की आपलेच पैसे जायचे. ‘नुसता मिस कॉल दे, मी समजतो’ असं आधीच ठरलेलं असायचं. १ मे २०१५ पासून ट्रायने देशांतर्गत रोमिंगचे कमाल दर कमी केले, पुढे कंपन्यांनीही ते पैसे घेणं सोडलं. आजच्या मुलांना ‘रोमिंग’ हा शब्दच माहीत नाही.

पण तोच शब्द आता विमानातून परत आला आहे. आपल्या जिल्ह्यातली मुलं-मुली जर्मनी, अमेरिका, आखातात नोकरीला आहेत आणि त्यांचे आई-वडील बाळंतपणाला, नातवंडांना बघायला तिकडे जात आहेत. म्हणून आजचा पाठ रोमिंगचा.

रोमिंग म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक सिममध्ये एक ओळख क्रमांक असतो. भारतातल्या सिमचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. तुम्ही परदेशात उतरून मोबाइल सुरू केला की तिथला टॉवर हा क्रमांक वाचतो आणि ओळखतो, ‘हा पाहुणा भारतातला.’ मग तो तुमच्या भारतातल्या कंपनीला विचारतो, ‘याला सेवा देऊ का?’ होकार आला की सेवा सुरू. तिथली कंपनी आपल्या कंपनीकडून पैसे घेते आणि आपली कंपनी आपल्याकडून. भाचा मामाच्या गावी दुकानातून खाऊ घेतो आणि हिशोब वहीत लिहिला जातो, तसंच हे. वही कोणाच्या नावावर आहे हे भाच्याला ठाऊक नसतं, इतकंच!

एक अनुभव

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर बाईंसोबत मुलीकडे जर्मनीला तीन महिन्यांसाठी गेले. ‘रोमिंगचं बिल हजारोंनी येतं’ हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी सरळ भारतातलं सिम काढलं आणि सोलापुरात कपाटात ठेवलं. मुलीच्या घरी वायफाय होतंच. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर चालत होतं. सगळं छान.

दुसऱ्या महिन्यात बाईंच्या बहिणीला इथे दवाखान्यात दाखल करावं लागलं. सरांनी तिकडून पैसे पाठवायचं ठरवलं. खात्यात पैसे होते, बँकेचं अॅप होतं, पण ओटीपी येणार त्या नंबरवर, जो कपाटात पडला होता. शेवटी शेजाऱ्यांनी आणि आम्ही दोघा-तिघांनी मिळून रक्कम भरली. ताईंना बरं वाटलं, पण सरांच्या मनाला ते फार लागलं. ते म्हणाले, ‘बिलाच्या भीतीनं मी माझंच दार बंद करून बसलो.’

बेसावधपणा महाग पडतो हे आपण मुलांना नेहमी सांगतो. अर्धवट माहितीतून आलेली भीतीही तितकीच महाग पडते, हे मला त्या दिवशी कळलं.

तीन वेगळी बटणं

गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकच समजल्यामुळे.

१. आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा : ही कंपनीकडे सुरू करून घ्यायची असते. ती सुरू असेल तरच परदेशात सिम जिवंत राहतं आणि ओटीपीचे एसएमएस येतात. एसएमएस येण्याला सहसा पैसे पडत नाहीत; आलेला फोन उचलला तर मात्र पॅक नसताना पडतात.

२. डेटा रोमिंग : हे मोबाइलच्या सेटिंगमधलं बटण. परदेशी टॉवरवरून इंटरनेट घ्यायचं की नाही, हे इथे ठरतं. मोठं बिल येतं ते बहुधा इथूनच.

३. मोबाइल डेटा : रोजचं ओळखीचं बटण. दोन सिम असतील तर कोणत्या सिमवरून डेटा घ्यायचा, हेही तिथेच निवडता येतं.

आता सरांनी काय करायला हवं होतं? पहिलं सुरू, दुसरं बंद. बस्स! सिम मोबाइलमध्येच राहिलं असतं, ओटीपी आला असता आणि इंटरनेट वायफायवरून चाललं असतं.

वर्गात घेण्यासारखं गणित

सातवी-आठवीला शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण घ्या. आकडे कल्पित आहेत.

एका पाहुण्याने दिवसभरात १५० फोटो काढले. प्रत्येक फोटो ४ एमबी. रात्री मोबाइलने ते आपोआप क्लाउडवर चढवले. पॅक नसताना दर १ एमबीला ४० रुपये.

१५० × ४ = ६०० एमबी
६०० × ४० = २४,००० रुपये

आता तोच पाहुणा ३,००० रुपयांचा ५,००० एमबीचा पॅक घेऊन गेला असता तर? ६०० एमबी म्हणजे पॅकचे १२ टक्के, म्हणजे ३६० रुपये.

मग मुलांना विचारा, ‘त्या माणसाने इंटरनेट वापरलं का?’ बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणतील, कारण तो झोपला होता! इथेच खरा पाठ आहे. बिल आपण काय केलं याचं येत नाही, मोबाइलने काय केलं याचं येतं. फोटोंचा बॅकअप, अॅपचे अपडेट, आपोआप उतरणारे व्हिडिओ ही सगळी कामं न विचारता चालतात.

टॉवरला सीमा कळत नाही

दुधनीजवळ महाराष्ट्रात उभं राहूनही कर्नाटकचा टॉवर लागायचा. जगातही तेच. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या नागरिकांसाठी सदस्य देशांतला रोमिंगचा जादा आकार रद्द केला, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. जिनिव्हा शहराला तर तीन बाजूंनी फ्रान्स आहे. तिथे फिरताना मोबाइल कधी या देशाचा, कधी त्या देशाचा टॉवर पकडू शकतो. म्हणून पॅक घेताना देशांची यादी वाचा. वाटेत विमान बदलायचं असेल तो देशही बघा. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क उपग्रहावर चालतं, ते फार महाग असतं आणि अनेक पॅकमध्ये येत नाही. तिथे फ्लाइट मोड लावलेला बरा.

निघण्यापूर्वी

- कंपनीच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे का, पाहा. प्रीपेड असेल तर परतीच्या तारखेपर्यंत वैधता ठेवा.
- डेटा रोमिंग बंद करा. पॅक घेतला असेल तरच सुरू करा.
- फोटो बॅकअप आणि अपडेट ‘फक्त वायफायवर’ ठेवा.
- मुक्कामाच्या शहराचा नकाशा घरीच उतरवून घ्या.
- जास्त दिवस राहणार असाल तर तिथलं सिम किंवा ई-सिम डेटासाठी घ्या. भारतातलं सिम दुसऱ्या जागेत राहू द्या.
- संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत, हे आधीच घरच्यांना सांगा. नाहीतर फोन लागला नाही म्हणून इकडे जीव टांगणीला लागतो.

पालकहो, हे सगळं घरातल्या आजी-आजोबांना तोंडी सांगून भागत नाही. त्यांच्या हातात मोबाइल द्या, ती तीन बटणं त्यांनाच शोधू द्या आणि दोनदा सुरू-बंद करायला लावा. हे काम आठवीतल्या नातवाकडे सोपवलंत तर त्याचाही अभ्यास होईल.

आमचे सर यंदा पुन्हा मुलीकडे जात आहेत. या वेळी सिम मोबाइलमध्येच आहे. परवा ते स्टाफरूममध्ये आले आणि आम्हाला विचारून गेले, ‘सांगा बघू, दुसरं बटण सुरू की बंद?’