नव्या ट्रकचालकाने नोकरी केव्हा बदलावी?

आपल्या भागाचा व्यवहार चाकांवर कसा चालतो, हे पाहावयाचे असेल तर हुमनाबादच्या नाक्यावर घटकाभर उभे राहावे. पुणे-हैदराबादकडील राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ आणि नांदेडहून बिदर, कलबुर्गीमार्गे चित्रदुर्गास जाणारा क्रमांक ५० येथे एकमेकांस भेटतात. वाडी व मळखेडचे सिमेंट, शहाबादची फरशी, कलबुर्गीची तूर, भालकी-हल्लीखेडकडची साखर आणि कोळार औद्योगिक वसाहतीतील रसायने व औषधी द्रव्ये, यांतला बराचसा माल ट्रकनेच बाहेर पडतो. तेव्हा शाळा सोडलेल्या आमच्या पुष्कळ मुलांचे पाय या धंद्याकडे वळावेत, यात नवल नाही.

नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. परवाना हाती येऊन चार-सहा महिने होतात न होतात, तोच मुलगा पहिली गाडी सोडून दुसरी धरतो आणि वर्ष संपण्याच्या आत तिसरी शोधू लागतो. नोकरी बदलणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु ती कशासाठी बदलावी आणि केव्हा बदलावी, याचा विचार आधी झाला पाहिजे.

पहिले वर्ष शिकण्याचे

मालवाहू गाडी चालविण्यास वीस वर्षे वय लागते आणि अवजड वाहन शिकण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. (साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालगाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.) परंतु परवाना म्हणजे गाडी चालविता येते एवढाच दाखला, धंदा येतो असा नव्हे. ताडपत्री व दोर कसे बांधावेत, भार कोठे पडला म्हणजे गाडी एका अंगास ओढते, घाटात कोणत्या गिअरवर उतरावे, गोदामाच्या अरुंद तोंडाशी गाडी मागे कशी लावावी, बिल्टी आणि ई-वे बिल ताडून कसे पाहावे, या गोष्टी उस्तादाच्या शेजारी बसून व रस्त्यावर राहूनच येतात.

नवा मालक पहिला प्रश्न विचारतो तो हाच, “आधी कोणाकडे होतास? किती दिवस? का सोडलेस?” एका वर्षात तीन मालक सांगणाऱ्यास कोणी नवी गाडी वा मोलाचा माल सोपवीत नाही. उलट, एके ठिकाणी वर्षभर अपघाताशिवाय, तुटीशिवाय काम केलेल्या माणसास मालकच सोडावयास तयार नसतो.

हिशेब मांडून पाहा

समजा, पहिल्या ठिकाणी दरमहा १८ हजार रुपये बाराही महिने मिळतात. वर्षाचे झाले २ लाख १६ हजार. दुसरा मालक २२ हजार देऊ म्हणतो, पण गाडी चालली तरच. आपल्याकडे उसाचा हंगाम संपला की अनेक गाड्या उभ्या राहतात; पावसाळ्यात सिमेंटची मागणी उतरते. दोन महिने गाडी उभी राहिली तर उरले दहा. नोकरी बदलताना एक महिना रिकामा गेला तर उरले नऊ. नऊ महिन्यांचे झाले १ लाख ९८ हजार. त्यातून टायर, मालाची तूट अशा नावाने सहा हजार कापले गेले, तर हाती १ लाख ९२ हजार. चार हजारांच्या लोभाने निघालेला मुलगा वर्षाकाठी २४ हजारांनी मागे पडला!

म्हणून पगार किती एवढेच विचारू नका. वर्षातून किती महिने काम, भत्ता वेगळा की पगारातच, कपात कशाकशाची, भविष्य निर्वाह निधी आहे की नाही, हेही विचारा. तेही मालकास नव्हे, त्याच्या गाडीवर असलेल्या चालकास विचारा. पुष्कळदा पळसाला पाने तीनच, असे आढळून येईल.

जेथे थांबू नये

धीर धरावा हे खरे. पण प्रत्येक ठिकाणी नव्हे. मर्यादेपेक्षा जास्त भार लादून गाडी काढावयास सांगणारा, दोन-दोन महिने पगार अडविणारा, विमा वा फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर पाठविणारा, झोपेवाचून दुसरी खेप करावयास लावणारा, असा मालक असेल तर वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंड आहे. दंड कदाचित मालक भरील. परंतु गाडी उलटली तर आत चालकच असतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. तिच्यातही दिवसाचे आठ तास, जादा कामास दुप्पट दर आणि प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे. ते पत्र मागून घ्यावे. मागण्यात लाज कसली?

उचलीपासून विशेष जपावे. लग्नासाठी किंवा घरासाठी मोठी उचल घेतली की पाय बांधले जातात. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात ‘भगेला’ नावाची वेठबिगारी होती. कर्जापायी माणूस धन्याच्या दारी राबत राही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बंधन रद्द ठरविले आहे. उचलीसाठी कोणी मूळ परवाना ठेवून घेऊ लागल्यास तो देऊ नये.

सोडताना आणि पुढे

दुसरे काम पक्के झाल्यावरच पहिले सोडावे आणि तसे आगाऊ कळवावे. डिझेल, भत्ता व खर्चाचा हिशेब लिहून द्यावा. स्टेपनी, जॅक, ताडपत्री, कागदपत्रे मोजून स्वाधीन करावीत आणि अनुभवाचा लेखी दाखला घ्यावा. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नव्या जागी तोच चालू ठेवावा. रक्कम काढून खाऊ नये, कारण निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते.

बदल करावयाचाच तर वरच्या पायरीसाठी करावा. कोळारसारख्या वसाहतीतून धोकादायक रसायने नेण्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. तीसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आहे, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येण्याची अट आहे. परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली उठली, तेव्हा शिक्षणाची गरजच संपली, असे पुष्कळांस वाटले. परंतु ज्यास टँकरवरील सूचना वाचता येत नाही, त्यास या वरच्या पायरीचे दार बंदच राहते. म्हणून मुलगा ट्रकवर गेला तरी त्याचे वाचन सुटू देऊ नये, अशी पालकांस माझी विनंती आहे.

तरुण मित्रांनो, चार हजारांसाठी गाडी सोडू नका. जीव, परवाना किंवा हक्काचा पगार धोक्यात आला तर एक दिवसही राहू नका. या दोहोंतील भेद ज्यास कळला, तो या धंद्यात कोठेही गेला तरी मानाने राहील.