वजन घटविण्याचे उपाय आणि कालामांची कसोटी

केसपुत्ताच्या कालामांपुढे मोठा पेच होता. गावात येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत खरे व इतरांचे खोटे असे सांगे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा थोर आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. परिणाम पाहून ठरवा, असा उपदेश तथागतांनी त्यांना केला. वजन घटविण्याच्या बाबतीत आज आपली अवस्था कालामांसारखीच झाली आहे. पेडगावात बसूनही मोबाइलवर चूर्ण, चहा आणि पट्ट्यांच्या जाहिराती दिसतात. वास्तविक, औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत लठ्ठपणाही आहे. तो बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे.

मुळात लठ्ठ कोणाला म्हणावे? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. हे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून आपल्याकडे केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. कंबरही मोजावी: पुरुषांची ९० सेंटिमीटर, स्त्रियांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात.

मराठवाड्यात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेली, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. बारीक झालेल्यांचे अनुभव आम्ही खोटे मानीत नाही. परंतु ज्यांना गुण आला नाही, ते अनुभव सांगायला सहसा उभे राहत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांनी विचारावे: किती जणांवर पाहिले, तुलना कोणाशी केली, आणि वर्षानंतर काय झाले? चीनमध्ये १३९ जणांवर अशी तुलना झाली (२०२२). दोन्ही गटांचा आहार सारखाच कमी केला होता. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घ्यायचा होता. वर्षभरात त्या गटाचे वजन ८ किलो, तर दुसऱ्याचे ६.३ किलो घटले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. म्हणजे घड्याळापेक्षा ताटातला घास महत्त्वाचा ठरला. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवण टाळू नये. साखर एकदम उतरते.

२०२५ पासून भारतात वजनासाठी मिळू लागलेल्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाचा पुरावा भक्कम आहे. १९६१ जणांच्या चाचणीत (२०२१) ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटले. औषधाविना इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. पण औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. जाहिरातीला हे दुसरे वाक्य आवडत नाही!

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत तथागतांकडे आला. आहाराची मात्रा जाणणाऱ्याविषयी तथागत एक गाथा बोलले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी शंभर कहापण वेतन ठरविले. आमच्या कसोटीने हाही एकाच माणसाचा दाखला आहे, हे मान्य करावेच लागेल. तरीही राजाने एका दिवसात उपास धरला नाही. तो हळूहळू नाळीभर भातावर आला, आणि आठवण देणारा सुदस्सन रोज त्याच्या पानाशी उभा होता.