आंब्यावरील फळमाशी आणि झाडाखालची पड

आढीतून काढलेला आंबा बाहेरून निर्दोष दिसावा आणि कापताच आत पांढऱ्या अळ्या वळवळाव्या, हा अनुभव कोकणातील बागायतदारांस नवा नाही. अळी गरातच आपोआप उत्पन्न होते, अशी काहींची समजूत आढळते. ती दूर झाल्यावाचून उपाय सुचावयाचा नाही, म्हणून प्रथम अळीचा उगम पाहू.

फळ पाडास येऊ लागले म्हणजे फळमाशीची मादी सालीस सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. दोनतीन दिवसांत अळ्या निघून गर खाऊ लागतात. तेथे त्यांजवर वरची फवारणी पोहोचत नाही; तेव्हा किडके फळ दिसू लागल्यावर औषधावर केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो. पुढे फळ गळते, अळी त्यातून निघून मातीत शिरते, कोष करते, आणि उन्हाळ्यात सुमारे दहा दिवसांनी नवी माशी होऊन बाहेर येते. झाडाखाली कुजत पडलेला आंबा म्हणजे पुढच्या पिढीचे बियाणेच होय.

हल्ली पुष्कळ बागांतून गंधाचे सापळे टांगलेले दिसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यांपैकीच आहे. यात मिथिल युजेनॉल नावाचे द्रव्य असते. (तुळशीच्या पानांतही ते सापडते.) सापळा उपयुक्त खराच, परंतु त्यात केवळ नर सापडतात, आणि एक नर अनेक माद्यांस पुरतो. यास्तव सापळ्यात माशांचा ढीग पाहून जो निश्चिंत होतो, त्याने झाडाखालीही पाहावे. सापळा टांगावा आणि पडही वेचावी. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

शिवाय माशीस गडगा अडवीत नाही. एकाने बाग झाडून स्वच्छ ठेवली व शेजाऱ्याने पड तशीच कुजू दिली, तर पहिल्याचे श्रम निम्मे वाया जातात. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी व इतर किडी सापडल्यावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यास बंदी केली. ती २०१५ च्या आरंभी उठली खरी, पण त्या हंगामात ज्याची बाग निर्मळ होती त्याचाही माल अडला. म्हणून वाडीतील सर्वांनी मिळून एकच दिवस ठरवून पड वेचणे आम्हास अधिक इष्ट वाटते. वृद्ध किंवा विधवा यांच्या बागेत माणूस नसेल, तर तिकडे आधी जावे. हंगामाच्या अखेरीस, पाऊस जवळ आला असता, माशी फार वाढते. नेमक्या त्याच वेळी आंबा उतरल्यावर बागेकडे कोणी फिरकत नाही.

वेचलेली फळे उकिरड्यावर टाकू नयेत. दोन फूट खोल खड्ड्यात पुरून वर माती दाबावी. कातळावर इतका खड्डा कोण खणणार, असे कोणी विचारील. त्याने फळे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे व काही दिवस कडक उन्हात ठेवावी. पिशवीस भोक नाही, एवढे मात्र पाहावे.