जनुके, संवेदनशीलता आणि सत्त्वपरीक्षा

‘याची प्रकृतीच नाजूक आहे,’ असे पालकांना सांगून आपण पुष्कळदा मोकळे होतो. शाळेच्या वेळी पोट दुखणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या आईस आम्हीही दीपन-पाचन औषधांसह हेच सांगितले. परिणामी तिने त्याचे खेळणेही बंद केले. पुढे वर्ग बदलला, मायाळू शिक्षिका लाभल्या आणि दुखणे थांबले. मुलगा अभ्यासातही चमकला. एका रुग्णावरून सिद्धान्त ठरत नाही; परंतु आमचे वाक्य चुकले होते, हे निश्चित.

२००३ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यासात, सेरोटोनिन-वाहक जनुकाचे आखूड रूप असणाऱ्यांत तणावपूर्ण घटनांनंतर विषाद अधिक आढळला. अशी रूपे दुर्बलतेची मानली गेली. जे बेल्स्की प्रभृती संशोधकांनी मात्र निराळा विचार मांडला: काही व्यक्ती दुर्बल नसून अधिक ग्रहणशील असतात, प्रतिकूल वातावरणात त्या अधिक कोमेजतात, तशाच अनुकूल वातावरणात अधिक बहरतात. २००८ मध्ये नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी १ ते ३ वर्षांच्या हट्टी, आक्रमक मुलांच्या मातांना चित्रफितींच्या साहाय्याने संगोपनाचे मार्गदर्शन केले. डोपामिन-ग्राहक डी-४ जनुकाचे, एरवी धोक्याचे समजले जाणारे रूप असलेल्या मुलांतच सुधारणा अधिक दिसली.

येथे सावधगिरी हवी. २०१९ मधील विशाल अभ्यासात, विषादाशी जोडलेल्या अशा एकेका जनुकाविषयीचे पूर्वीचे निष्कर्ष टिकले नाहीत. अनेक जनुकांचे अल्प अल्प प्रभाव एकत्र येऊन संवेदनशीलता घडते, असे आता मानले जाते. म्हणून एखाद्या जनुकाच्या चाचणीवरून मेध्य कल्प सुचविणे वा विकणे यास आधार नाही.

प्रकृती म्हणजे जनुके, असे समीकरणही आम्ही मांडत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृतीच्या घडणीत शुक्रशोणिताबरोबर मातेचा आहारविहारही गणला आहे, आणि दशविध परीक्षेत सत्त्वाचे प्रवर, मध्य व अवर असे भेद सांगितले आहेत. अवरसत्त्व ही नोंद चिकित्सेची दिशा दाखवते; रुग्णाचे भवितव्य ठरवत नाही.

तेव्हा प्रश्नपरीक्षेत ‘कशाने त्रास होतो?’ याबरोबरच ‘कोणाच्या सहवासात, कोणत्या दिनचर्येत हा खुलतो?’ हेही विचारावे. निदानपरिवर्जनाइतकेच अनुकूलाचे सेवन महत्त्वाचे आहे. पालकांना आम्ही आता सांगतो: ‘याला आजूबाजूचे लवकर लागते, म्हणून चांगलेही लवकर लागेल.’

वाक्य लहान आहे. पण त्याने मुलाचे खेळणे बंद होत नाही.